खोल पाण्याचे बंदर

वसई रोड ते दिवा या लोहमार्गावर, कामण रोड आणि भिवंडी रोड यांच्या मध्ये खारबाव नावाचे एक लहानसे स्थानक आहे. उतारूंच्या गाड्या येथे थोड्याच. पण फलाटावर तासभर बसलात, तर एखादी लांबलचक मालगाडी समोरून जाताना बहुधा दिसेल. तिच्यावर निळ्या, तांबड्या, विटकरी रंगांच्या लोखंडी पेट्या ओळीने ठेवलेल्या असतात. वाघिणी मोजून पाहा. साधारणपणे पंचेचाळीस भरतील. एका वाघिणीवर वीस फुटी दोन पेट्या किंवा चाळीस फुटी एक. म्हणजे वीस फुटींच्या हिशेबाने एका गाडीवर नव्वद पेट्या झाल्या.

या पेट्यांना कंटेनर म्हणतात, हे भिवंडी तालुक्यातल्या मुलांना सांगायला नको. मानकोली, पूर्णा, दापोडे या भागांतील गोदामांपुढे कंटेनर वाहणाऱ्या ट्रकांची रीघ लागलेली असते. मात्र ही मालगाडी गोदामाकडे जात नाही. दिवा, पनवेल, जासई या वाटेने ती उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथे, म्हणजे जवाहरलाल नेहरू बंदरात जाते. या लेखात आपण तिच्यावरील एका पेटीच्या मागोमाग त्या बंदरात जाणार आहोत.

निघण्यापूर्वी एक प्रश्न मनाशी ठेवा. खारबावच्या दक्षिणेला उल्हास नदीची खाडी आहे. ती वसईपाशी समुद्राला मिळते. पाणी दाराशी, समुद्र जवळच. मग ही पेटी याच खाडीतल्या एखाद्या धक्क्यावरून जहाजात का चढत नाही? तिने साठ-सत्तर किलोमीटरांचा वळसा का घ्यावा?

पेटीवरचा क्रमांक

गाडी सिग्नलला थांबलेली असली, तर फलाटावरूनच पेटीचे दार वाचता येते. (रुळांत उतरू नका!) तेथे चार रोमन अक्षरे, सहा अंक आणि चौकटीत बसवलेला एक सुटा अंक असतो. पहिली तीन अक्षरे मालकाची खूण. चौथे अक्षर बहुधा ‘यू’ असते. ते ‘ही मालवाहू पेटी आहे’ एवढेच सांगते. सहा अंक हा त्या पेटीचा क्रमांक. आणि चौकटीतला अंक? तो आहे पहारेकरी.

पाठ्यपुस्तकात शोभेल असे हे उदाहरण घ्या : सी, एस, क्यू, यू, ३०५४३८, आणि चौकटीत ३. प्रथम अक्षरांना किमती द्यायच्या. ए म्हणजे १०. त्यापुढे क्रमाने जायचे, पण ११, २२, ३३ हे अकराच्या पाढ्यातले आकडे गाळायचे. म्हणून बी म्हणजे १२, सी १३, क्यू २८, एस ३०, यू ३२. आता डावीकडून पहिल्या किमतीला १ ने, दुसरीला २ ने, तिसरीला ४ ने, पुढे ८, १६, ३२ असे दुपटीदुपटीने गुणायचे आणि सर्व गुणाकारांची बेरीज करायची :

१३ + ६० + ११२ + २५६ + ४८ + ० + ३२० + ५१२ + ७६८ + ४०९६ = ६१८५

या बेरजेला ११ ने भागा. बाकी ३ उरते. चौकटीत नेमका ३ आहे, म्हणजे क्रमांक बरोबर वाचला गेला. (बाकी १० उरली तर चौकटीत ० लिहितात, पण असे क्रमांक शक्यतो वापरतच नाहीत.)

अकरानेच का भागायचे? ११ ही मूळ संख्या आहे आणि २ चा कोणताही घात तिने भागला जात नाही. कारकुनाने एखादा अंक चुकीचा लिहिला, किंवा शेजारशेजारच्या दोन अंकांची अदलाबदल केली, तर बेरजेत पडणारा फरक ११ ने भागला जात नाही आणि बाकी बदलते. चूक तिथल्या तिथे सापडते. २०२४-२५ या वर्षात जवाहरलाल नेहरू बंदरातून वीस फुटी मापाने सुमारे ७३ लाख पेट्या गेल्या-आल्या. दिवसाला वीस हजार झाल्या! एकापुढे एक ठेवल्या तर पृथ्वीच्या विषुववृत्ताला वेढा पडून काही हजार किलोमीटरांची रांग उरेल. असल्या पसाऱ्यात एका अंकाची चूक म्हणजे नाशिकची द्राक्षे भलत्याच देशी जायची. हा पहारेकरी फुकट मिळतो, आणि गणिताची एवढी स्वस्त चाकरी दुसरी क्वचितच सापडेल.

खारबावला आलात तर पाच पेट्यांचे क्रमांक वहीत टिपून घ्या आणि घरी पडताळा पाहा.

पेटी येण्यापूर्वी

पूर्वी जहाजात माल सुटा चढे. कापसाच्या गाठी, तांदळाची पोती, तेलाची पिंपे, यंत्रांचे खोके, सगळे माथाडी कामगारांच्या पाठीवरून आणि लहान याऱ्यांनी. एक जहाज भरायला आठवडा लागला तरी कोणाला नवल वाटत नसे. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकमालकाने ‘आयडियल-एक्स’ या जहाजावर ५८ पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. माल बाहेर काढायचाच नाही, ट्रकावरची अख्खी पेटीच जहाजावर ठेवायची, इतकी ती साधी कल्पना. पुढे पेट्यांची मापे साऱ्या जगाने एक केली : रुंदी ८ फूट, लांबी २० किंवा ४० फूट, आणि आठही कोपऱ्यांत ठरावीक आकाराच्या भोकांचे पोलादी ठोकळे. त्या भोकांमुळेच जगातली कोणतीही यारी कोणतीही पेटी उचलू शकते.

माल चढवणे स्वस्त झाले आणि जहाजे मोठी होऊ लागली. मुंबईच्या गोद्यांतले हजारो हात त्यामुळे रिकामे झाले, हेही सांगितले पाहिजे. मोठ्या जहाजांना आणखी एक गोष्ट लागते. ती म्हणजे खोल पाणी. आपल्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे.

खाडीतली जुनी बंदरे

खारबावच्या एका बाजूला कल्याण आणि दुसऱ्या बाजूला सोपारा. दोन्ही आपल्या देशातील अतिप्राचीन बंदरे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्द्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तिकेत दोहोंची नावे आहेत. सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरून काढला. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमारासाठी जहाजे बांधण्याचे काम याच खाडीच्या आसऱ्याने सुरू केले. म्हणजे ही खाडी कधी काळी जगाच्या व्यापाराचा राजरस्ता होती.

त्या काळची गलबते दोन-तीन मीटर पाण्यात सहज तरंगत. ओहोटीला चिखलावर टेकली तरी बिघडत नसे. पुढच्या भरतीला पुन्हा उचलली जात. शिवाय नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा खाडीत आतवर पोहोचत नाहीत. खोली कमी पण आसरा उत्तम, असा तो सौदा होता.

मग ही बंदरे गेली कोठे? राजकारण, परकीयांची सत्ता ही कारणे आहेतच. पण निसर्गाचे एक कारण तुम्ही घरी पाहू शकता. शेतातली चिकणमाती पाण्यात ढवळून ते गढूळ पाणी दोन काचेच्या पेल्यांत ओता. एका पेल्यात चमचाभर मीठ टाकून हलवा. अर्ध्या तासाने पाहा. मिठाच्या पेल्यातले पाणी बरेच निवळलेले असेल आणि तळाशी गाळाचा थर दिसेल. दुसऱ्यातले गढूळच असेल. मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युत्भार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि गोड्या पाण्यात तरंगत राहतात. खाऱ्या पाण्यातील धन आयन हा भार झाकून टाकतात. मग कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि पुंजके जड होऊन खाली बसतात. सह्याद्रीवरून पावसाळ्यात आलेले तांबूस गढूळ पाणी खाडीत समुद्राच्या पाण्याला भेटते तेव्हा नेमके हेच घडते. गोडे आणि खारे पाणी जेथे मिसळते तेथेच गाळ बसतो, आणि जुनी बंदरेही नेमकी तेथेच होती! खारबाव-कामण भागात ओहोटीच्या वेळी खाडीकाठी जो काळा चिखल उघडा पडतो, त्यात हाच गाळ आहे.

एक मीटर पाण्याची किंमत

आता आजच्या जहाजाकडे वळू. ३६६ मीटर लांब आणि ४८ मीटर रुंद जहाज घ्या. चौदा हजार पेट्या नेणाऱ्या जहाजांचे हे साधारण माप आहे. जहाजाचा जो भाग पाण्याखाली असतो त्याच्या उंचीला जहाजवाले ‘ड्राफ्ट’ म्हणतात. पूर्ण भरलेल्या अशा जहाजाचा ड्राफ्ट १५ मीटरांच्या घरात जातो. पाच मजली इमारतीएवढे जहाज पाण्याखाली!

समजा, बंदरातले पाणी एक मीटरने कमी आहे. मग जहाजाला एक मीटर वर तरंगावे लागेल, म्हणजेच माल मागे ठेवावा लागेल. किती? आर्किमिडीजचे तत्त्व येथे उपयोगी पडते. लांबी गुणिले रुंदी सुमारे १७,५०० चौरस मीटर. पण जहाज काही आयताकृती नाही. नाळेकडे ते निमुळते असते. म्हणून पाच भागांतले चार भाग धरू, म्हणजे सुमारे १४,००० चौरस मीटर. त्याची एक मीटर जाडीची चकती म्हणजे १४,००० घनमीटर पाणी. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा थोडी जास्त, घनमीटरला १.०२५ टन. तेव्हा या पाण्याचे वजन झाले सुमारे १४,३०० टन. वीस फुटी भरलेली पेटी सरासरी चौदा टनांची धरली तर हजाराहून अधिक पेट्या धक्क्यावरच राहतील. खारबाववरून जाणाऱ्या मालगाडीच्या हिशेबात अकरा गाड्या! एवढ्या पेट्या मागे ठेवण्यापेक्षा जहाज दुसऱ्याच बंदराला जाईल. बंदरे मीटरामीटरासाठी का झगडतात ते या गणितावरून लक्षात येते.

मुंबईची गोदी ते न्हावा-शेवा

मुंबईत भरती-ओहोटीतला फरक मोठा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणाला, पाणी सरासरी ४.४ मीटरांपर्यंत चढते आणि ०.८ मीटरांपर्यंत उतरते. (ही उंची नकाशावर ठरवलेल्या तळपातळीपासून मोजतात.) अष्टमीच्या सुमारास, कोळी ज्याला भांग म्हणतात तेव्हा, ती ३.३ आणि १.९ मीटर असते. उधाणाला दर सहा तासांनी साडेतीन मीटर खालीवर होणाऱ्या पाण्यात जहाज धक्क्याला बांधून ठेवायचे कसे? इंग्रज अभियंत्यांनी उपाय केला तो दारे असलेल्या गोद्यांचा. प्रिन्सेस गोदी १८८० साली, व्हिक्टोरिया १८८८ साली आणि अलेक्झांड्रा, म्हणजे आजची इंदिरा गोदी, १९१४ साली सुरू झाली. भरतीचे पाणी आत घ्यायचे आणि दार लावून कोंडून ठेवायचे. बाहेर ओहोटी लागली तरी आत पाणी तेवढेच. पण दार म्हटले की त्याला रुंदी आली. इंदिरा गोदीचा प्रवेशमार्ग सुमारे ३० मीटर रुंद आहे. आपले ४८ मीटर रुंद जहाज तेथे शिरणार कसे?

म्हणून शोध घेतला तो समोरच्या किनाऱ्याचा. मुंबई बेटाच्या पूर्वेला, घारापुरीच्या पलीकडे, न्हावा आणि शेवा या गावांजवळ नवे बंदर बांधण्यात आले. ते २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. येथे दारे नाहीत. पाणी उघडे आणि पुरेसे खोल ठेवायचे, अशी योजना. मोसमी वाऱ्यांच्या लाटा अडवायला मुंबई बेट आडवे आहेच.

बंदरात

आपली पेटी आता बंदराच्या रेल्वे आवारात पोहोचली आहे. यारी तिला वाघिणीवरून उचलून ट्रकावर ठेवते, ट्रक तिला साठवणुकीच्या मैदानात नेतो. तेथे टायरांवर चालणाऱ्या, कमानीसारख्या उंच याऱ्या पेट्यांचे चार-पाच थर रचत असतात. कोणती पेटी कोठे आहे ते संगणकाला ठाऊक असते. पेटीवर चौकोनी हिऱ्यासारखी चिकटपट्टी दिसली, तर आत ज्वालाग्राही, विषारी किंवा तत्सम धोक्याचा माल आहे असे समजावे. अशा पेट्या वेगळ्या ठेवतात. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजात स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकाच ठिकाणी होत्या. कापसाला आग लागली आणि पुढे जे झाले त्याच्या आठवणी मुंबईत अजून सांगतात.

धक्क्यावरची यारी हे बंदरातले सर्वांत प्रेक्षणीय यंत्र. तिचा लांब हात जहाजाच्या पलीकडच्या कडेपर्यंत पोहोचतो. हातावरून एक गाडा धावतो. गाड्याखाली दोरांनी लोंबणारी पोलादी चौकट पेटीवर अलगद टेकते, तिच्या चार कोपऱ्यांतल्या खुंट्या पेटीच्या भोकांत शिरतात आणि नव्वद अंशांत फिरतात. पेटी कुलूपबंद! भार लोंबत असताना या खुंट्या फिरू शकत नाहीत, अशी त्यांची रचना असते. चांगला चालक तासाला पंचवीस-तीस पेट्या हलवतो. वाऱ्यात झोके घेणारी वीस-पंचवीस टनांची पेटी दोन-तीन मिनिटांत नेमक्या जागी ठेवणे, हे काम किती कठीण आहे याची कल्पना येण्यासाठी दोरीला दगड बांधून टेबलावरच्या खुणेवर ठेवून पाहा. लंबकाचे सगळे नियम आपोआप आठवतील.

जहाजात पेट्या वाटेल तशा रचत नाहीत. जड खाली, हलक्या वर. नाही तर गुरुत्वमध्य वर जाऊन जहाज कलते. शिवाय आधी उतरायच्या पेट्या शेवटच्या बंदराच्या पेट्यांखाली गाडल्या जाता कामा नयेत. द्राक्षांसारखा नाशवंत माल शीतपेटीत असतो. तिला विजेची जोडणी मिळेल अशीच जागा द्यावी लागते. या तिन्ही अटी एकदम सांभाळणे म्हणजे चौदा हजार तुकड्यांचे कोडे सोडवणे होय.

भरतीचे वेळापत्रक

भरलेले जहाज आता निघेल. त्याला वाट दाखवायला बंदराचा पायलट, म्हणजे जलमार्गाचा वाटाड्या, जहाजावर चढतो. आखूड पण दणकट टग बोटी जहाज धक्क्यापासून ओढून काढतात. पुढे खुल्या समुद्रापर्यंत तीस किलोमीटरांहून अधिक लांबीचा जलमार्ग आहे. तो तळ खणून खोल केलेला आहे. पहिल्या टप्प्याचे खोदकाम २०१४ च्या सुमारास आणि दुसऱ्याचे २०१९ च्या सुमारास पुरे झाले. भरतीचा फायदा घेऊन १५ मीटर ड्राफ्टची जहाजे यावीत, हा त्यामागचा हेतू. खणताना काही ठिकाणी नुसता चिखल नव्हता, आपल्या सह्याद्रीचाच काळा पाषाण फोडावा लागला.

भरतीचा फायदा म्हणजे काय? समजा, तळपातळीपासून मार्गाची खोली १५ मीटर आहे आणि जहाजाचा ड्राफ्टही १५ मीटर. जहाजाच्या बुडाखाली थोडे मोकळे पाणी हवे. ड्राफ्टचा दहावा भाग, म्हणजे दीड मीटर धरू. शिवाय वेगाने चालणारे जहाज उथळ पाण्यात आणखी खाली बसते. बुडाखालच्या अरुंद जागेतून पाणी वेगाने वाहते, वेग वाढला की दाब घटतो आणि जहाज खाली खेचले जाते. तेव्हा भरतीचे निदान दीड मीटर पाणी तरी वर हवेच. उधाणाच्या ओहोटीला पाणी ०.८ मीटरच असते, म्हणून जहाजाने थांबायचे. पण भांगाच्या ओहोटीलाही १.९ मीटर असते, म्हणजे त्या दिवशी हे जहाज केव्हाही जाऊ शकेल! उधाणाला पाणी ‘जास्त’ असते असे आपण म्हणतो. पण या जहाजाची अडचण उधाणालाच होते. याउलट ज्याला चार मीटर भरती हवी, त्याला भांग निरुपयोगी आणि उधाणच तारक. कोणत्या जहाजाला कोणती तिथी लाभते, हे असे ठरते.

तिथी हा शब्द येथे सहज आलेला नाही. कोकणातल्या मच्छीमारांचा एक हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणून दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाला. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, म्हणजे जवळजवळ पाऊण तास, हे या हिशेबाचे मर्म. बंदरातली अचूक कोष्टके संगणकावर तयार होतात. पण हा तोंडी हिशेब त्यांच्यापासून फार दूर जात नाही.

खणलेली खोली मात्र टिकत नाही. एखाद्या मार्गाची खोली वाढवली की तेवढेच पाणी मोठ्या जागेतून वाहू लागते, म्हणून त्याचा वेग मंदावतो. मंद पाणी गाळ वाहून नेऊ शकत नाही, तो तळाशी सोडते. म्हणजे जितके खोल खणावे तितका गाळ बसायला सोयीचे! म्हणून गाळ उपसणारी जहाजे, ज्यांना ड्रेजर म्हणतात, वारंवार आणावी लागतात. ती तळावर लांब नळ टेकवून चिखल शोषून पोटात भरतात आणि दूर समुद्रात नेऊन सोडतात. कल्याण-सोपाऱ्याला जे करता आले नाही ते येथे पैशाच्या आणि यंत्रांच्या बळावर चालू आहे, इतकेच. गाळाने आपला हेका सोडलेला नाही.

खोल पाणी कोणाचे?

आतापर्यंत आपण पाण्याकडे जहाजाच्या बाजूने पाहिले. त्याच चिखलाकडे काठावरचा कोळी वेगळ्या नजरेने पाहतो. तिवरांची मुळे आणि खाडीचा उथळ चिखल म्हणजे कोळंबी, चिंबोरी, निवटी यांची घरे आणि अनेक माशांच्या पिलांची पाळणाघरे. तेथे भराव घातला किंवा पाण्याची ये-जा अडली, तर जाळे रिकामे येते. शेवा गावच्या लोकांना बंदरासाठी आपले गाव सोडून दुसरीकडे वसावे लागले. नव्या मुंबईसाठी आणि बंदर परिसरासाठी जमिनी घेतल्या गेल्या तेव्हा योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मरण पावले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व या लढ्यातून आले. खारबावहून निघालेली मालगाडी आज याच जासईवरून जाते. पुढे २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने उरण भागातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रकल्पांमुळे भरतीचे प्रवाह अडले आणि तिवरे नष्ट झाली, असे लवादाचे म्हणणे होते. प्रकरण वरच्या न्यायालयात गेले.

याहून मोठे बंदर पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे व्हायचे आहे. त्याची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. तेथे किनाऱ्यापासून काही अंतरावर समुद्र निसर्गतःच सुमारे २० मीटर खोल आहे, हे त्या जागेचे मोठे आकर्षण. पण तेथे मुंबईसारखे आडवे बेट नाही. लाटा अडवायला समुद्रात अनेक किलोमीटर लांबीची भिंत घालावी लागेल आणि धक्क्यांसाठी समुद्रात मोठा भराव टाकावा लागेल. स्थानिक मच्छीमारांचा त्याला अनेक वर्षांपासून विरोध आहे. मोठ्या जहाजांसाठी खोल बंदर हवे, हे वरचे गणित खरेच आहे. पण त्या गणितात मच्छीमारांच्या जाळ्याचा आकडा मांडलेलाच नसतो. तो कसा मांडायचा, यावर तुमच्या वर्गात चर्चा झाली तर ती परीक्षेतल्या कोणत्याही प्रश्नापेक्षा अवघड होईल.

भेटीला जायचे तर

बंदर संरक्षित क्षेत्र आहे. मनात आले आणि आत शिरलो असे होत नाही. शाळेने आधी पत्र पाठवून परवानगी मिळवावी लागते. आत शिरस्त्राण घालावे लागते आणि छायाचित्रे मनास येतील तशी घेता येत नाहीत. परवानगी मिळाली नाही तरी निराश होऊ नका. घारापुरीच्या टेकडीवरून बंदराच्या याऱ्या छान दिसतात. १२ जानेवारी २०२४ पासून उपनगरी गाडी थेट उरणपर्यंत जाते. वाटेत न्हावा-शेवा नावाचे स्थानकही आहे. खारबावहून दिवा, ठाणे, नेरूळ असे बदलत गेलात तर एका दिवसात जाऊन येता येईल.

दिवस निवडताना अमावास्येनंतरची द्वितीया निवडा. पाऊणपटीच्या हिशेबाने भरती दुपारी दीडला आणि ओहोटी सकाळी सव्वासातच्या आसपास. सकाळी लवकर उरणच्या मोरा धक्क्यावर पोहोचलात तर दूरवर उघडा पडलेला चिखल दिसेल. मोरा ते भाऊचा धक्का ही प्रवासी लाँच उधाणाच्या ओहोटीला याच चिखलामुळे कित्येकदा थांबवावी लागते. मीटर-दीड मीटर पाण्यावर चालणारी लाँच तेथे गाळापुढे हात टेकून उभी असते, आणि थोड्याच अंतरावर, त्याच समुद्रात, चौदा हजार पेट्यांचे जहाज भरतीची वाट पाहत असते. धक्क्याच्या पायरीवर ओल्या पाण्याची रेघ खडूने आखून ठेवा, वेळ लिहा, आणि डबा खाऊन दुपारी दीडला ती किती पायऱ्यांखाली गेली ते मोजा.